पुस्तकातली माणसं आणि नकाशावरची गावं: सातारा-सांगलीत पात्रांचं मूळ शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

माणदेश, वारणाकाठ आणि कृष्णाकाठ या तीन पट्ट्यांतून मराठी साहित्यात आलेली माणसं आणि गावं मोजायला बसलं तर यादी संपत नाही. त्यामुळे 'हा खरा कोण?', 'हे गाव कुठलं?' असे प्रश्न वाचक, शिक्षक, एम.ए.चे विद्यार्थी आणि गावोगावचे वाचनालयवाले सतत पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पात्राचं 'मूळ' शोधायचं म्हणजे नेमकं काय शोधायचं?

चार वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. पहिली, माणूस: जगलेली एखादी व्यक्ती. दुसरी, जागा: गाव, वाडा, ओढा, देऊळ. तिसरी, प्रसंग: दरोडा, दुष्काळ, खटला, जत्रेतली मारामारी. चौथी, उल्लेख: ओळीत येणारं एखादं नाव, म्हण किंवा इशारा, जो त्या काळच्या वाचकाला लगेच कळत होता आणि आज कळत नाही.

या चारींचा शोध वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. माणसासाठी गावचं दप्तर, जागेसाठी नकाशा, प्रसंगासाठी वर्तमानपत्र, उल्लेखासाठी त्या काळचे कोश आणि नियतकालिकं. सुरुवातीलाच चारांपैकी एक ठरवा. 'सगळंच शोधतो' म्हणणाऱ्यांचं काम सहसा दुसऱ्या महिन्यात थांबतं.

आणखी एक प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर हवा: लेखकानं काय घेतलं आणि काय बदललं? मूळ माणसाचं नाव सापडणं हा अर्धाच शोध आहे. बदल कुठे केला ते कळलं की लेखकाला काय सांगायचं होतं ते कळतं.

२. हातात फक्त पुस्तक आहे. सुरुवात कशी करू?

पुस्तकातूनच. गावाला जायची घाई करू नका.

पहिलं वाचन पेन्सिल घेऊन करा. प्रत्येक विशेषनाम, अंतर, दिशा, नाणं, पीक, सण, हुद्दा आणि वाहन वहीत उतरवा, पानाच्या क्रमांकासह. 'तीन कोस', 'उगवतीला', 'शुक्रवारचा बाजार' असे शब्द सोन्यासारखे असतात. लेखक माणसांची नावं बदलतो, पण बाजाराचा वार बदलायचं त्याच्या लक्षात राहत नाही.

मग पहिली आवृत्ती मिळवा. नव्या आवृत्तीत अर्पणपत्रिका, लेखकाचं मनोगत आणि प्रस्तावना कधी कधी गळालेली असतात आणि नेमका धागा तिथेच असतो. पहिली आवृत्ती कधी आणि कुणी काढली हे शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त सापडतं. तिचे दोन भाग मिळून १८०० ते १९५० हा काळ झाकतात. मजकूर आधी मासिकात किंवा साप्ताहिकात आला असेल तर तोही पाहा. पुस्तक होताना नावं बदललेली असू शकतात.

तिसरी पायरी म्हणजे लेखकाचं इतर लेखन, विशेषतः आठवणी. ग. दि. माडगूळकरांचं 'मंतरलेले दिवस', व्यंकटेश माडगूळकरांचं 'प्रवास एका लेखकाचा' अशा पुस्तकांत गावं आणि माणसं खऱ्या नावानं येतात. कथेतला प्रसंग आठवणीत कसा आला आहे ते शेजारी शेजारी ठेवून वाचा.

वहीत चार रकाने पुरतात: पुस्तकात काय आहे, बाहेर काय सापडलं, कुठे सापडलं, किती खात्री. चौथा रकाना रिकामा ठेवायचा मोह होतो. तो भरायचाच (प्रश्न १६).

३. पुस्तकातलं गाव नकाशावर सापडत नाही. का?

या भागात सर्वांत जास्त शोध इथेच चुकतात. कारणं साधी आहेत, पण माहीत नसली तर वर्ष वाया जातं.

जिल्हा बदलला. आजचा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला 'दक्षिण सातारा' या नावानं झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. म्हणून १९३० सालच्या मजकुरात 'सातारा जिल्हा' असेल तर शोध फक्त आजच्या साताऱ्यात घेऊ नका.

संस्थान होतं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं इंग्रजी मुलखात विखुरलेली होती. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, पण विलीनीकरणापर्यंत औंध संस्थानात होती. आणि हे औंध खटाव तालुक्यातलं, पुण्यातलं नव्हे. ही गल्लत छापील लेखांतही होते.

तालुका आणि गाव एकाच नावाचे असले तरी कचेरी दुसरीकडे असते. वाळवा तालुक्याची कचेरी इस्लामपुरात (आताचं ईश्वरपूर), माणची दहिवडीत, खानापूरची विट्यात, जावळीची मेढ्यात. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर बरेच नंतरचे. जुन्या कागदात ते शोधू नयेत.

एका नावाची गावं अनेक. नुसतं 'रेठरे' म्हटलं तर कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द, वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष आणि रेठरे धरण. पठ्ठे बापूराव हरणाक्षचे, पण नुसतं 'रेठऱ्याचे' लिहिल्यामुळे लोक कराडकडची वाट धरतात. बुद्रुक, खुर्द, 'कसबे', 'तर्फ' हे शब्द कधीही गाळू नका.

गाव पाण्याखाली गेलं. कोयना, धोम, चांदोली या धरणांखाली गावं बुडाली आणि त्याच नावानं दुसरीकडे वसली. साठ वर्षांपूर्वीच्या कथेतला ओढा नव्या गावठाणात शोधून मिळणार नाही.

उपाय: १८८५ सालचं सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर (मुंबई इलाख्याचा १९ वा खंड) आणि नंतरची राज्य सरकारची सातारा व सांगलीची गॅझेटियरं उघडा. ती इंटरनेटवर मोफत आहेत. जुन्या खंडात गावांची नावं इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, म्हणून एकच नाव तीन-चार प्रकारे शोधा.

४. 'बनगरवाडी' खरं गाव आहे का?

माण तालुक्यात बनगरवाडी नावाचं गाव आहे, आणि बरेच जण ते पाहून 'सापडलं' म्हणतात. पण व्यंकटेश माडगूळकरांच्या या कादंबरीशी नाव जोडलं जातं ते आटपाडी तालुक्यातल्या लेंगरेवाडीचं. नाव जुळलं म्हणजे गाव जुळलं असं नसतं, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

मग कादंबरी स्वतः काय सांगते? कथा सांगणारा कोवळ्या वयाचा शाळामास्तर आहे. वस्ती धनगरांची, मेंढरांची. गावकरी तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात. या एका प्रसंगात मोठा धागा आहे. इंग्रजी मुलखातल्या वाडीत तालमीसाठी राजा आला नसता, म्हणजे हा संस्थानी मुलूख. आणि व्यायामाचं इतकं वेड असलेला राजा कोण, तर औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रसार केला. आटपाडी औंध संस्थानात होती हे वर आलंच आहे (प्रश्न ३). नाव बदललेलं असूनही मुलूख आणि काळ असा उलगडतो.

इथवर भक्कम. यापुढे 'अंजी म्हणजे अमुक घरातली', 'कारभारी म्हणजे तमक्याचा आजा' असं जे सांगितलं जातं ते तपासल्याशिवाय उचलू नका. पुस्तक १९५५ चं आहे आणि त्यावर १९९५ साली चित्रपट आला. इतक्या वर्षांत पुस्तक गावात परत येऊन मुरलेलं असतं (प्रश्न ९).

५. 'माणदेशी माणसं' ही तर व्यक्तिचित्रं. मग ती शंभर टक्के खरी धरायची ना?

नाही. व्यक्तिचित्र खऱ्या माणसावरून काढलेलं असतं हे खरं, पण त्यातही लेखक प्रसंग जवळ आणतो, दोन वर्षांचं एका दिवसात सांगतो, शेवट घडवतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ च्या या पुस्तकातला धर्मा रामोशी किंवा झेल्या वाचताना माणूस खरा मानायला हरकत नाही. पण त्यांची जन्मसालं किंवा नातीगोती त्या पानांवरून सिद्ध करू नयेत.

पडताळ्यासाठी त्याच मुलखाचं दुसऱ्या बाजूनं लिहिलेलं पुस्तक हवं. शंकरराव खरात १९२१ साली आटपाडीत जन्मले. त्यांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन त्याच औंध संस्थानातलं, त्याच दशकांतलं गाव महारवाड्यातून दाखवतं. कुलकर्ण्याच्या, म्हणजे माडगूळकरांच्या, घरातून दिसणारा रामोशी आणि तराळाच्या (गावकी करणाऱ्या महाराच्या), म्हणजे खरातांच्या, घरातून दिसणारी चावडी एकत्र ठेवल्याशिवाय आटपाडीकडचं गाव पुरतं दिसत नाही. हे दोन्ही वाचलेले फार थोडे भेटतात, याची खंत वाटते.

६. 'फकिरा' खरा होऊन गेला का? त्याचे कागद मिळतील का?

होय. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. 'फकिरा' (१९५९) त्यांच्याच गावातल्या, त्यांच्याच नात्यागोत्यातल्या माणसावर उभी आहे. पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलं आहे. जोगणीची (गावाला जत्रेचा मान देणारी) प्रथा, ती मिळवण्यासाठी गावागावांत होणारी चुरस, बापाचा खून, दुष्काळातली धान्याची लूट आणि हजेरी, हे सगळं त्या मुलखाच्या जगण्यातून आलं आहे.

हजेरी हा शब्द इथे नुसती उपस्थिती नाही. इंग्रजी अमलातल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंद झालेल्यांना ठरल्या वेळी चावडीवर किंवा ठाण्यावर जाऊन हजर असल्याचं दाखवावं लागे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला. हे ठाऊक नसलेला वाचक कादंबरीतला संताप अर्धाच समजतो.

कागद शोधताना दोन गोष्टी सांभाळा. एक, जुन्या सरकारी नोंदीत अशा माणसाचं आजचं आडनाव बहुधा नसतंच. नाव, बापाचं नाव आणि जात, एवढंच असतं. 'साठे' शोधत बसलात तर समोरचं पान उलटून जाईल. दोन, पोलिसी कागद त्याला 'दरोडेखोर'च म्हणणार. तो कागद घटना कधी आणि कुठे घडली यासाठी विश्वासानं वापरा, माणूस कसा होता यासाठी नव्हे. त्या दुसऱ्या प्रश्नाला पोवाडा आणि गावची आठवण जास्त जवळची साक्ष देतात.

७. गावपातळीवर कोणती कागदपत्रं उपयोगी पडतात आणि ती मागायची कशी?

चार कागद सर्वांत कामाचे.

शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. मास्तर किंवा शाळकरी मुलगा असलेल्या पात्रासाठी इथून सुरुवात करा. एक इशारा: जन्मतारीख पुष्कळदा मास्तरांनी अंदाजे घातलेली असते. अर्धा वर्ग १ जूनचा निघाला तर तो योगायोग समजू नका.

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. लोक तिला 'कोतवाल बुक' म्हणतात. ती बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलेलं असतं. पटकी, प्लेग, ताप. कथेतली साथ कोणत्या साली आली ते यावरून ठरवता येतं.

फेरफार आणि हक्कनोंदीची पानं. जमिनीचा तंटा असलेल्या कथेसाठी याहून चांगलं काही नाही. वारस कोण, विधवेचं नाव कधी लागलं, जमीन कुणाकडे गहाण पडली, सगळं कळतं.

इनामाची आणि वतनाची कागदं. पाटील, कुलकर्णी, रामोशी, महार या वतनदारांची नावं त्यात मिळतात.

अर्ज साधा करा: गाव, तालुका, कागदाचा प्रकार आणि सालाची मर्यादा. 'आमच्या गावाची सर्व जुनी कागदपत्रं' असा अर्ज परत येतो. पाच-सात वर्षांचा टप्पा मागितला तर कारकुनाला गठ्ठा काढणं शक्य होतं. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत.

संस्थानी काळाचं दप्तर तालुक्यात मिळालं नाही तर राज्य पुराभिलेख विभागाच्या कोल्हापूर आणि पुणे इथल्या कार्यालयांत चौकशी करा. जाण्याआधी दप्तर उघडं आहे का, ओळखीसाठी काय लागतं, फोटो काढू देतात का, हे विचारून घ्या. आणि २०१९ च्या महापुरानं सांगलीत पुस्तकं आणि कागद मोठ्या प्रमाणात भिजले. जे शिल्लक आहे त्याची नक्कल आजच करून ठेवा.

८. कागद मोडीत आहेत. काय करू?

शिका. छापील मोडीची ओळख काही आठवड्यांत होते. घसटणीचं हस्ताक्षर वाचायला सहा महिने ते वर्ष सराव लागतो. तोवर जाणकाराकडून वाचून घ्या, पण लिप्यंतर ओळीला ओळ मागा, सारांश नको. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे आडनावं आणि गावांची नावं चुकतात. वाचून घेतलेलं प्रत्येक नाव त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कागदाशी ताडून पाहा.

९. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कसं विचारायचं?

पात्राचं नाव आधी घेऊ नका. 'ती कादंबरी तुमच्या गावावर आहे म्हणे, त्यातला अमका कोण हो?' असं विचारलं की उत्तर मिळतंच, कारण पाहुण्याला रिकामं पाठवायचं नाही ही आपली रीत. 'तात्या, तुमच्या लहानपणी मास्तर कोण होते? कुठे राहायचे? तालीम कुणी बांधली?' असं गावाबद्दल विचारा. नाव त्यांच्या तोंडून आलं तर त्याला वजन आहे.

सर्वांत मोठा धोका परत आलेल्या आठवणीचा. पुस्तक गाजतं, शाळेत धडा येतो, चित्रपट येतो, आणि वीस वर्षांत पुस्तकातला प्रसंग गावाची आठवण म्हणून सांगितला जाऊ लागतो. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला तसंच आठवत असतं. ओळखायच्या तीन खुणा आहेत. तो पुस्तकात नसलेलं काही सांगतो का? पुस्तकाशी न जुळणारं काही सांगतो का? आणि बायकांच्या आठवणीत तो प्रसंग आहे का? तिसरी खूण फार उपयोगी पडते. चावडीवरची गोष्ट पुस्तकातून परत येते. जात्यावरच्या ओवीत किंवा 'आमच्या आत्याबाई सांगायच्या' अशा बोलण्यात आलेलं सहसा जुनं असतं.

एकाच दिवशी दोघांना एकत्र बसवू नका, दुसरा पहिल्याचंच बोलतो. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं साधारण वय मुद्रणाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा. सालं विचारू नका, खुणा विचारा: 'गांधीवधाच्या जाळपोळीच्या आधी की नंतर?', 'पत्री सरकारच्या टायमाला?', 'बहात्तरच्या दुष्काळात?' लोकांना काळ असाच आठवतो.

१०. बालकवींची 'औदुंबर' आपल्या कृष्णाकाठच्या औदुंबरवर आहे ना?

पलूस तालुक्यातलं औदुंबर हे दत्तस्थान आहे, तिथे संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, त्यामुळे हा समज घट्ट बसला आहे. पण कविता तसं म्हणत नाही. तिच्यात 'निळासावळा झरा' आहे, कृष्णेचं पात्र नाही. 'चार घरांचे गाव' आहे, घाट नाही, देऊळ नाही, यात्रा नाही. शेवटच्या ओळीत जळात पाय टाकून बसलेला औदुंबर हे झाड आहे. बालकवी मूळचे खानदेशातल्या धरणगावचे. कवितेत असं काहीच नाही की जे आपल्या औदुंबराकडेच बोट दाखवील.

झाडाचं नाव आणि गावाचं नाव एक असलं की ही चूक होते. वडगाव, पिंपळगाव, चिंचणी यांबद्दलही हेच लक्षात ठेवा.

११. 'शारदा कायदा' देवलांच्या 'शारदा' नाटकावरून आला का?

नाही, आणि हा प्रश्न सांगलीत फार येतो, कारण गोविंद बल्लाळ देवल इथलेच, हरिपूरचे. 'संगीत शारदा' १८९९ चं. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ चा, १ एप्रिल १९३० पासून लागू झालेला. त्याला अजमेरचे हरबिलास सारडा यांचं आडनाव मिळालं. 'सारडा'चं मराठी तोंडी 'शारदा' झालं आणि नाटक इतकं लाडकं की दोन्ही एक झाले. मराठी समाजाचं मन त्या कायद्याआधी तीस वर्षं या नाटकानं हलवलं होतं, हे मात्र खरं. नावाचं मूळ वेगळं आणि परिणाम वेगळा, असं मांडा.

याच नाटकातल्या भुजंगनाथ, कांचनभट या नावांचं मूळ गावात शोधू नका. ती गुण सांगणारी नावं आहेत: एक डंख मारणारा, दुसरा सोन्याला भुललेला. नाव असं बोलकं असेल तर ते लेखकानं घडवलेलं आहे असं आधी धरावं.

१२. खाडिलकरांचा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे कशावरून म्हणतात?

इथे पुरावा पक्का आहे, म्हणून हे उदाहरण नमुना म्हणून पाहावं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, टिळकांचे 'केसरी'तले सहकारी. 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. कर्झनची कारकीर्द १९०५ साली, बंगालच्या फाळणीचा वणवा पेटलेला असताना संपली होती. नाटकातला कीचक सत्तेच्या मदात बोलतो, द्रौपदीची विटंबना होते, युधिष्ठिर सबुरीचा सल्ला देतो, भीमाला ते सोसत नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, हे सांगावं लागलं नाही. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल यानं १९१० च्या पुस्तकात हे रूपक उलगडून लिहिलं आणि त्याच साली सरकारनं नाटकावर बंदी घातली.

म्हणजे नाटकाच्या आतली खूण, लेखकाचं राजकारण, समकालीन वाचकाची साक्ष आणि सरकारची कृती, चारही एकाच दिशेला जातात. तुमच्या शोधात यांतल्या दोन मिळाल्या तरी पुढे जा. फक्त पहिली असेल तर 'असं वाचता येतं' एवढंच लिहा.

१३. अण्णा भाऊंची 'मैना' कोण?

'माझी मैना गावावर राहिली' ऐकून लोक वाटेगावातली बाई शोधतात. उत्तर त्या छकडीतच (शाहिरी गाण्यातच) आहे. पोटासाठी मुंबईला आलेल्याची आणि गावी राहिलेल्या बायकोची ताटातूट सांगता सांगता शाहीर तीच गत खंडित महाराष्ट्राची झाली असं म्हणतो आणि बेळगाव, कारवार, निपाणीची नावं घेतो. हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं गाणं आहे. अर्धं कडवं गुणगुणून थांबल्यामुळे हा प्रश्न पडतो. मजकूर शेवटपर्यंत वाचा.

१४. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा 'दो आँखें बारह हाथ'शी काय संबंध?

थेट संबंध आहे. औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ बिनभिंतीची कैद्यांची वसाहत सुरू केली. राजेसाहेबांचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, त्यातून हा प्रयोग उभा राहिला. शिक्षा झालेले लोक तिथे शेती करत. चित्रपट १९५७ चा, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर त्याच मुलखातले.

आता प्रश्न १ मधला दुसरा भाग इथे लावा: काय बदललं? स्वतंत्रपुरात कैदी बायकामुलांसह राहू शकतात, वसाहत हे एक छोटं गावच आहे. पडद्यावर सहा कैदी आहेत, एकटे, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा एक जेलर. म्हणजे संस्थानाचा प्रयोग कुटुंबाच्या बंधावर उभा होता आणि कथा एका माणसाच्या नैतिक धाकावर उभी राहिली. वसाहत आजही तुरुंग विभागाकडे आहे, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय आत जाऊ नका आणि तिथल्या कुणाचे फोटो काढू नका.

१५. पुराणातल्या जागांचं काय? वाई म्हणजे विराटनगरी, हे धरायचं का?

परंपरा म्हणून नोंदवा, स्थाननिश्चिती म्हणून नको. विराटनगरीचा मान राजस्थानातलं बैराट सांगतं, कर्नाटकात हानगल सांगतं आणि आपल्याकडे वाई सांगते. अशा वेळी 'खरी कुठली' हा प्रश्न सोडून 'इथे ही कथा केव्हापासून सांगतात' हा प्रश्न घ्या. त्याला जुन्या माहात्म्य-पोथ्या आणि गॅझेटियरमधून तारखांसह उत्तर मिळू शकतं. दोन गावांनी एकाच पात्रावर हक्क सांगितला तरी हीच रीत: ज्या गावाचा दावा पुस्तक छापण्याआधीचा आहे तो वजनदार.

१६. खात्री किती, हे कसं लिहायचं?

पाच पायऱ्या ठेवा आणि शब्द पक्के करा. 'लेखकानं सांगितलं आहे.' 'समकालीन कागदात आहे.' 'मजकुरातल्या तीन-चार खुणा जुळतात.' 'गावात असं सांगतात.' 'नाव किंवा प्रसंग सारखा आहे, एवढंच.' प्रत्येक दाव्यापुढे यांतलं एक वाक्य येऊ द्या.

लेखकानं स्वतः सांगितलं तरी ते केव्हा सांगितलं ते लिहा. पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी दिलेल्या मुलाखतीत लेखकाची आठवणही बदललेली असते. लेखकानं नाकारलं असेल तर तेही तितक्याच ठळकपणे द्या. नाकारण्यामागे मूळ माणसाच्या घरच्यांची काळजी असू शकते, पण तो आपला अंदाज, पुरावा नव्हे. आणि एका पात्रात दोन-तीन माणसं मिसळलेली असणं हे नेहमीचंच आहे. खुणा दोन घरांत विभागून सापडल्या तर एक घर निवडायची सक्ती करू नका, दोन्ही लिहा.

१७. मूळ माणसाचे नातेवाईक हरकत घेतात. छापायचं की नाही?

माणूस जिवंत असेल आणि पात्र कमीपणाचं असेल तर नाव छापू नका. संशोधन तेवढ्यानं अडत नाही. 'वाळवा तालुक्यातल्या एका गावातला शेतकरी' पुरतं. माणूस वारला असला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मृताची बदनामीही येऊ शकते, जर ती घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केली असेल.

कायद्यापेक्षा गावातलं जगणं मोठं. कथेतली चोरटी, पळून गेलेली किंवा देवाला सोडलेली बाई ही कुणाची तरी पणजी असते आणि त्या घरात आज लग्न जमायचं असतं. छापण्याआधी मजकूर घरच्यांना वाचून दाखवा, तोही घरातल्या थोरल्या बाईसमोर. बहुतेक वेळा हरकत एखाद्या शब्दाला असते आणि तो शब्द बदलला की लोक स्वतः ट्रंकेतला फोटो काढून देतात.

१८. सापडलेली पुस्तकाची पानं, फोटो, गाणी तशीच देता येतील का?

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. देवल (मृत्यू १९१६), बालकवी (१९१८), खाडिलकर (१९४८) यांचं लेखन आता खुलं आहे. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, त्यामुळे त्यांचं २०२९ अखेरपर्यंत नाही. माडगूळकर बंधूंचं त्याच्याही पुढे. अभ्यासासाठी दोन-चार ओळी उद्धृत करायला अडचण नाही, पान पूर्ण देऊ नका. घरातून मिळालेल्या फोटोवर मालकाची लेखी संमती घ्या आणि मूळ प्रत त्याच दिवशी परत करा. नक्कल करताना फोटोची मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, साल आणि कुणी तरी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव बहुधा तिथेच असतं.